एक ओळ बदलली की शेकडो फाइली पुन्हा कंपाइल – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

सी प्लस प्लसमधला जुना, अवाढव्य प्रोजेक्ट आहे. लिनक्स, सीमेक (बिल्डची आखणी करणारं टूल), निंजा (तो बिल्ड चालवणारं) आणि क्लँग (कंपायलर) असा संच.

एका फाइलमध्ये एक ओळ बदलून बिल्ड लावला, तर तेवढी फाइल कंपाइल होऊन लिंकिंग व्हायला हवं ना? इथे शेकडो फाइली नव्याने सुरू होतात. बरं, दर वेळी नाही, डोकं फिरतं ते त्यामुळेच. लागोपाठ दोनदा बिल्ड केला तर दुसऱ्यांदा काहीच होत नाही. गिटमध्ये कमिट केलं (बदल नोंदवला) की मात्र हमखास पहिल्यापासून. बिल्ड संपेपर्यंत आपण नक्की काय तपासत होतो तेच विसरायला होतं.

एडिटरचं वेगळंच. ब्रांच बदलली की लँग्वेज सर्व्हर (एडिटरसाठी कोड समजून घेणारा प्रोग्रॅम) इंडेक्सिंगला बसतो, पंखा घोंघावायला लागतो आणि समोर धडधडीत असलेल्या फंक्शनखाली लाल रेघ येते. डिबगरमध्ये व्हेरिएबल बघावं तर 'ऑप्टिमाइज्ड आउट', म्हणजे किंमत दिसतच नाही.

बिल्ड फोल्डर उडवून झालं, एक्स्टेंशन बंद करून झाली, सीकॅशही (आधी कंपाइल केलेलं साठवून पुन्हा वापरणारं टूल) लावला. फरक शून्य. टीममधले म्हणतात नवीन मशीन माग. मला ते पटत नाही. नको ती कामं जास्त वेगाने होतील, एवढंच.

निंजाने अमुक फाइल का घेतली, हे त्याच्याकडूनच वदवून घेता येतं का?

प्रतिसाद १

येतं. निंजाला 'डी एक्सप्लेन' हा पर्याय देऊन चालवा. कुठलं आउटपुट कुठल्या इनपुटपेक्षा जुनं ठरलं ते तो सांगतो. सगळीकडे एकाच हेडरचं (अनेक फाइलींत समाविष्ट होणाऱ्या फाइलचं) नाव दिसलं तर चोर सापडला.

'कमिट केलं की हमखास' यावरून माझा संशय व्हर्जनच्या हेडरवर आहे. बिल्डच्या वेळी गिटचा हॅश (कमिटची ओळख सांगणारी स्ट्रिंग) घालून एखादं हेडर तयार होतं का? आणि ते कुठल्या सामाईक हेडरमधून सगळीकडे पोचतं का? तसं असेल तर सीकॅश बिचारा काय करणार? हॅशची स्ट्रिंग बदलली की त्याच्या दृष्टीने प्रत्येक फाइलचा मजकूरच बदलला. हेडरमध्ये फक्त फंक्शनचं डिक्लेरेशन ठेवा, स्ट्रिंग एकाच सीपीपी फाइलमध्ये टाका. मग कमिटनंतर तेवढीच कंपाइल होईल.

प्रतिसाद २

ब्रांच सतत बदलत असाल तर गिट वर्कट्री वापरा, २०१५ पासून गिटमध्ये आहे. दोन ब्रांच, दोन फोल्डर, दोन वेगळे बिल्ड. जागा जास्त खातं, पण ब्रांच बदलल्यावर फाइलींच्या वेळा बदलून होणारी उलथापालथ थांबते. लाल रेघांसाठी कंपाइल कमांड्सची जेसन फाइल सर्व्हरला सापडते का, ते आधी बघा. ती नसेल तर तो फ्लॅग (कंपायलरला द्यायचे पर्याय) अंदाजाने ठरवतो.

डिबगरचा यात दोष नाही. ओ-टू (वेगासाठी ऑप्टिमायझेशन करायला सांगणारा कंपायलरचा पर्याय) लावून केलेल्या बिल्डमध्ये असंच दिसणार. डिबगसाठी ओ-झिरोचा (ऑप्टिमायझेशन नसलेला) वेगळा बिल्ड ठेवा.

धागाकर्ता

प्रतिसाद १, नेम बरोबर लागला! सगळीकडे व्हर्जनचंच हेडर, आणि ते लॉगिंगच्या हेडरमधून येतंय. स्ट्रिंग हलवली, कमिटनंतरचा बिल्ड आता एका फाइलवर आला. वर्कट्री उद्या बघतो. पण ओ-झिरोने आमचा प्रोग्रॅम इतका रखडतो की बग येईपर्यंत टाइमआउटच होतो. अख्ख्या प्रोजेक्टऐवजी मोजक्याच फाइली ओ-झिरोने कंपाइल करायला सीमेकमध्ये काय लिहायचं?