गरिबी हटवायच्या योजना परदेशातून उसन्या आणाव्यात का?

मधलीसुट्टी
योजनांच्या बाबतीत मी उचलेगिरीचा कट्टर समर्थक आहे. मेक्सिकोनं १९९७ मध्ये ‘प्रोग्रेसा’ सुरू केली. गरीब घरातल्या आईच्या हाती थेट पैसे. अट अशी की मुलांची शाळेतली हजेरी ८५ टक्के हवी आणि घरच्यांची नियमित आरोग्य तपासणी व्हायला हवी. माध्यमिक शाळेत मुलींना मुलांपेक्षा जास्त रक्कम, कारण तिथे गळती त्यांचीच जास्त. आणि मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे अभ्यासासाठी निवडलेल्या ५०६ गावांपैकी ३२० गावांना पैसे आधी दिले, बाकीच्यांना थांबवलं आणि फरक मोजला. एकदम सगळ्यांना पुरवणं शक्य नव्हतंच, तर निदान थांबण्याचा उपयोग करून घेतला! माध्यमिकचा पट वाढला, मुलींचा विशेष. ब्राझीलच्या काही शहरांत असे प्रयोग १९९५ पासून चालू होतेच, २००३ मध्ये तिथे ‘बोल्सा फॅमिलिया’ आली. पुढे इंडोनेशिया, फिलिपिन्स. इतकं तपासून झालेलं असताना प्रत्येक सरकारनं नव्यानं श्रीगणेशा का करावा?

खवचट
न्यूयॉर्क सोयीस्कर विसरलात. २००७ मध्ये तिथले महापौर ब्लूमबर्ग स्वतः मेक्सिकोत जाऊन योजना बघून आले. (श्रीमंत शहर गरिबांकडे शिकायला गेलं, याचं कौतुक मलाही आहे.) देणगीच्या पैशातून सुमारे ४,८०० कुटुंबांवर प्रयोग झाला, त्यातल्या निम्म्यांना लाभ आणि निम्मी तुलनेसाठी. दात तपासून घेतले की पैसे, परीक्षा पास झाली की पैसे, मुलाची हजेरी भरली की पैसे. निकाल काय? लहान मुलांच्या हजेरीत आणि गुणांत म्हणावा असा फरक नाही. नववीत आधीच बरी तयारी असलेली मुलं तेवढी पुढे गेली. आणि गंमत म्हणजे बरीचशी कुटुंबं डॉक्टरकडे आधीपासूनच जात होती! मेक्सिकोच्या खेड्यातलं औषध तिथे दिलं, पण तो आजारच तिथे नव्हता. २०१० मध्ये गाशा गुंडाळला.

मधलीसुट्टी
पण पैसे मिळत होते तोवर त्या घरांची ओढाताण कमी झाली, हेही त्या प्रयोगाच्याच अहवालात आहे. ते तुम्ही सोयीस्कर विसरलात.

सांजवात
तुम्ही दोघं पैशावरून भांडताय, पण घोळ अटीत आहे. कागदावर अट एका ओळीची असते. तिच्यामागे चालू शाळा लागते, दवाखान्यात माणूस लागतो, हजेरीचा कागद वेळेत पुढे पाठवणारा कारकून लागतो. हे नसेल तर अटीचा भार आईवरच पडतो. दवाखाना बंद म्हणून तिची खेप वाया, आणि हप्ताही कापला जाणार तिचाच.
मलावीत झोम्बा जिल्ह्यात किशोरवयीन मुलींवर याचाच प्रयोग झाला. काहींना शाळेच्या अटीवर पैसे, काहींना विनाअट. शाळा टिकवण्यात अटवाल्यांचा गट पुढे राहिला. पण लवकर लग्न आणि लवकर गर्भारपण कमी झालं ते विनाअट गटात, कारण शाळा सुटलेल्या मुलीच्या हातातही पैसे येत राहिले. अटीच्या योजनेत नेमकी तीच बाहेर पडते. तेव्हा उसनं आणायच्या आधी आपल्याला काय हवंय, ते तर ठरवा.

पाचवा कोपरा
सांजवात यांच्याशी बरंचसं सहमत. पण पैसे आणि अटी यांपलीकडे तिसरी गोष्ट आहे, घरी येणारा माणूस. चिलीनं २००२ मध्ये ‘चिले सोलिदारिओ’ सुरू केली, तिचा कणा म्हणजे दोन वर्षं घरी येत राहणारा कार्यकर्ता. बांगलादेशात ब्रॅक या स्वयंसेवी संस्थेनं त्याच वर्षी अतिगरीब बायकांना जनावर, काही महिने खर्चाला पैसे, बचतीची सवय आणि जवळजवळ दर आठवड्याला भेट असं एकत्र दिलं. हेच गाठोडं पुढे इथिओपिया, घाना, होंडुरास, भारत, पाकिस्तान आणि पेरू इथे नेऊन तपासलं. २०१५ मध्ये निष्कर्ष आले, मदत थांबून वर्ष झाल्यावरही बहुतेक ठिकाणी कुटुंबं आधीपेक्षा सावरलेली होती. तेव्हा योजना प्रवास करतात, पण माणसासकट नेल्या तर.

खवचट
‘बहुतेक ठिकाणी’ म्हणालात, ते अपवादासकट सांगा की. होंडुरासमध्ये बऱ्याच घरांनी कोंबड्या मागितल्या, त्या रोगानं मेल्या आणि त्या घरांची मालमत्ता उलट घटली. भेटी देणारा माणूस होताच तिथे. आणि ज्या मेक्सिकोचं आपण सगळे गोडवे गातोय, तिथल्याच सरकारनं २०१९ मध्ये ती योजना मोडीत काढली. मूळ घरीच टिकली नाही.

मधलीसुट्टी
सरकार बदललं म्हणून गेली, फसली म्हणून नाही. ब्राझीलमध्येही ‘बोल्सा फॅमिलिया’चं नाव २०२१ मध्ये पुसलं गेलं, २०२३ मध्ये परत आलं. पण मधल्या काळात गरीब कुटुंबांची एकत्रित नोंदवही शाबूत होती, म्हणून पैसे कोणाला द्यायचे ते पुन्हा शोधत बसावं लागलं नाही. माझा मुद्दा मी थोडा बदलतो (हो, इथे मत बदललेलं चालतं). उसनं आणायचंच तर आधी ही नोंदवही ठेवायची रीत आणा. अटी, रकमा नंतर ठरवू.

खवचट
रीत येते, एवढं मान्य. कोंबड्या नाही.