मदत हवी आहे : 'हिअर' आणि 'लिसन' यांतील नेमका फरक

नमस्कार. मी मिरजेत राहतो आणि आठवी-नववीच्या काही मुलांना सायंकाळी इंग्रजी शिकवतो. 'हिअर' आणि 'लिसन' या क्रियापदांविषयी जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

मराठीत दोन्हींसाठी 'ऐकणे' चालते. त्यामुळे मी आजवर असे सांगत आलो की, जे आपोआप कानावर पडते, म्हणजे जे आपल्याला 'ऐकू येते', तेथे 'हिअर' योजावे आणि जे आपण लक्ष देऊन ऐकतो, तेथे 'लिसन' योजून कर्मापूर्वी 'टू' जोडावे. 'आय ॲम हिअरिंग अ नॉइज' असे सहसा न म्हणता 'आय कॅन हिअर' का म्हणतात, हेही त्यातून मुलांना उलगडते.

अडचण याच्या पुढची आहे. उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या स्मरणार्थ येथील दर्ग्यात होणाऱ्या संगीत सभेविषयी एका मुलीने निबंधात 'आय हर्ड अ सितार रिसायटल' असे लिहिले. मी ते खोडून 'लिसन्ड टू' केले. पण पूर्ण झालेल्या मैफलीविषयी बोलताना 'हर्ड' हेच अधिक रूढ असल्याचे नंतर व्याकरणाच्या पुस्तकात वाचले. तिचे बरोबर वाक्य मी चुकीचे ठरवले, याचे फार वाईट वाटते. न्यायाधीश खटला ऐकतात, तेथेही 'हिअर' येते आणि ते ऐकणे तर लक्षपूर्वकच असते.

तेव्हा लक्ष देण्याऐवजी 'संपूर्ण ऐकून होणे' हा निकष धरावा का, आणि तो नववीच्या मुलांना सोप्या मराठीत कसा समजावावा?