मदत हवी आहे : विशेष मुलांना जगलिंग शिकवण्याबाबत

नमस्कार. परभणी येथे मी विशेष मुलांना शिकवते. आमच्या वर्गात स्वमग्न तसेच सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील दोषामुळे हालचालींवर नीट ताबा नसणे) असलेली मुले असून, त्यांच्यासाठी जगलिंग (वस्तू हवेत उडवून झेलत राहणे) आणि सर्कशीतील तोल सांभाळण्याचे सोपे खेळ आम्ही सुरू केले आहेत. चेंडूऐवजी जुन्या ओढण्यांचे झिरझिरीत रुमाल घेतो, कारण ते तरंगत खाली येतात आणि मुलाला पाहून हात पुढे करायला पुरेसा वेळ मिळतो. शिवाय रुमाल छातीसमोरून तिरका उडवताना हात शरीराच्या मध्यरेषेपलीकडे न्यावा लागतो, आणि यांपैकी अनेकांना नेमके तेच जड जाते. पुढच्या टप्प्यासाठी ज्वारी भरलेल्या कापडी पुरचुंड्या शिवल्या आहेत. त्या पडल्या तरी घरंगळत नाहीत.

अडचण आहे ती एका हाताची मूठ आखडलेल्या मुलांची. उडवण्यासाठी वस्तू वेळेवर सोडणे त्यांना जमत नाही. त्यांच्यासाठी काठीवर ताटली फिरवणे किंवा तळहातावर मोरपीस तोलणे योग्य ठरेल का, हे एखाद्या ऑक्युपेशनल थेरपिस्टने (रोजच्या हालचाली व कामे जमावीत यासाठी उपचार देणाऱ्या तज्ज्ञाने) कृपया सांगावे. तसेच दोरीवरच्या कसरती करणाऱ्या डोंबारी कुटुंबांतील किंवा सर्कशीत काम केलेले कोणी मराठवाड्यात शिकवायला तयार असल्यास अवश्य कळवावे. मानधन देऊ.