वाड्यातल्या फाउंड फुटेज भयमालिकेचा तिसरा भाग: साचा कसा मोडायचा?

ओसरी_२४ :
सदाशिव पेठेतल्या वाड्यात घडणाऱ्या फाउंड फुटेज (पात्रांनीच केलेलं, नंतर सापडलेलं चित्रण वाटावं अशा) मालिकेचा तिसरा भाग करायचा आहे, साधारण २५ मिनिटांचा. पहिल्या दोन्ही भागांत एकच गत होती: रात्री आवाज येतात, मुलगा हँडीकॅम लावून झोपतो, सकाळी सगळे टेप बघतात. आता दचकायची जागा प्रेक्षक आधीच ओळखतात. 'पॅरानॉर्मल अ‍ॅक्टिव्हिटी' या अमेरिकी भयपट मालिकेत 'द मार्क्ड वन्स'ने (२०१४) जशी हवा पालटली, तसं काहीतरी हवं आहे. हाताशी चार रात्री, तीन कलाकार, एक फोन आणि एक मिनीडीव्ही (छोट्या डिजिटल टेपवर चालणारा) हँडीकॅम. टेबलफॅनवर कॅमेरा बसवायचाही विचार आहे. नवेपणा कथेत आणावा की कॅमेऱ्यात?

कडीपाट :
कॅमेरा कोणाच्या हातात आहे आणि जीव धोक्यात असताना तो बंद का करत नाही, हे बदला. भूत तेच राहू द्या.

'पॅरानॉर्मल'कडे याच नजरेने बघा. पहिला भाग (२००७) म्हणजे झोपायच्या खोलीत तिकाटण्यावर ठेवलेला कॅमेरा. दुसऱ्यात (२०१०) घरभर सुरक्षा कॅमेरे आले. तिसरा (२०११) १९८८ मध्ये गेला आणि कॅमेरा लग्नाच्या शूटिंगवाल्याकडे आला. चौथ्यात (२०१२) लॅपटॉपचे वेबकॅम आणि किनेक्ट या व्हिडिओगेमच्या सेन्सरचे अंधारात पडणारे ठिपके. यंत्रं बदलली, पण घर तसंच राहिलं: मोठं, उपनगरी, रिकाम्या खोल्यांचं. 'मार्क्ड वन्स'ने तेच मोडलं. कॅलिफोर्नियातल्या ऑक्सनार्डमधल्या लॅटिनो वस्तीतली गजबजलेली चाळवजा इमारत, घरात आजी, खालच्या मजल्यावर जिच्याबद्दल सगळे कुजबुजतात ती बाई. प्लँचेटच्या पाटाऐवजी 'सायमन' नावाचं दिव्यांचं खेळणं हो-नाही सांगतं. शेवटी एक पोरगा दारातून धावत बाहेर पडतो तो थेट पहिल्या चित्रपटातल्या घरात, आणि २००७ मध्ये आपण वरच्या खोलीतून ऐकलेला प्रसंग खालच्या बाजूने दिसतो. जुन्या प्रेक्षकाला जे माहीत होतं, त्याचाच इथे उपयोग केला आहे.

उलट उदाहरणंही आहेत. स्पॅनिश 'रेक ३'ने (२०१२) पहिल्या वीसेक मिनिटांनंतर हातातला कॅमेराच सोडला, 'रागिनी एमएमएस २'ने (२०१४) तर ही शैली पूर्णच टाकली. चौकटीबाहेर काय आहे ही भीती त्याबरोबर गेली. ती चूक करू नका.

तुमच्या वाड्यासाठी सुचवतो: रीडेव्हलपमेंटआधीची मोजणी. मालक आणि भाडेकरू यांच्यात चटईक्षेत्रावरून वाद आहे, म्हणून प्रत्येक खोलीचं माप टेप धरून कॅमेऱ्यावर घ्यायचं ठरलंय. कॅमेरा बंद केला तर पुरावा जातो, आणि तो बंद का करत नाही याचं उत्तर इथेच मिळतं. मग आतून खोली अकरा फूट भरते, बाहेरून भिंत चौदा फूट. उरलेले तीन फूट कुठे गेले, यावर अख्खा भाग उभा राहतो.

शनिवारवाडा आणि 'काका, मला वाचवा' मात्र टाळा. १७७३ ची ती हत्या इतकी वापरून झाली आहे की प्रेक्षक पुढचं वाक्य आपणच म्हणतात.

गिअरपेटी :
पंख्याबद्दल. 'पॅरानॉर्मल'च्या तिसऱ्या भागात ती युक्ती चालली, कारण कॅमेरा दिवाणखान्याकडून स्वयंपाकघराकडे ठरलेल्या वेगाने जातो आणि बघणाऱ्याला थांबता येत नाही. पण साधा टेबलफॅन तसाच घेतलात तर फसाल. मान फिरवणारे गिअर मोटरच्याच दांड्यावर चालतात, त्यामुळे मोटर चालू ठेवावीच लागते. पाती काढली की भार जातो आणि रेग्युलेटर एकवर असला तरी मोटर जवळपास पूर्ण वेगाने पळते, मान भराभर फिरते. हवा मिळत नाही म्हणून मोटर तापते. शिवाय तिची घरघर कॅमेऱ्याच्या माइकात उतरते.

त्यापेक्षा १२ व्होल्टची, मिनिटाला तीन फेरे घेणारी गिअर मोटर घ्या. तिच्या चकतीवर मध्यापासून थोड्या अंतरावर एक खिळा, तिथून पट्टी कॅमेऱ्याच्या फिरत्या पाटाला. चकतीची एक फेरी म्हणजे कॅमेऱ्याचं एक जाणं-येणं, २० सेकंदांत. खिळा मध्यापासून जितका लांब, तितका पाट जास्त फिरतो. पाटाखाली बेअरिंग नसेल तर टोकाला झटका बसतो, आणि दोन रात्रींत खिळ्याचं भोक रुंदावून तो वाढत जातो.

आता हिशोब. खोलीचं टोक दर २० सेकंदांनी दिसतं, मधला भाग दर १० सेकंदांनी. पहिल्या दोन फेऱ्या काहीच घडवू नका, डोळ्यांना वस्तूंच्या जागा पाठ होऊ द्या. तिसऱ्यात एकच वस्तू हलवा, तीही ज्या टोकाकडे लक्ष नाही तिथली. सामान हलवणाऱ्या माणसाला प्रत्यक्षात १२-१३ सेकंदच मिळतात. लाकडी जमिनीवर पावलं वाजतात, म्हणून तो अनवाणी हवा.

तळरेघ :
चित्राचं सांगतो, कारण नव्वद टक्के लोक इथेच चुकतात. मिनीडीव्हीवर व्हीएचएसचा (जुन्या व्हिडिओ कॅसेटचा) फिल्टर लावू नका. मिनीडीव्ही डिजिटल आहे, टेप खराब झाली तर चित्रात चौकोनी ठोकळे येतात, आडव्या रेघा नाहीत. व्हीएचएसमध्येसुद्धा हेडच्या (टेप वाचणाऱ्या भागांच्या) अदलाबदलीचा गोंधळ चौकटीच्या अगदी तळाशी असतो, फिल्टरवाले तो मध्यभागी नाचवतात.

टेप फायरवायरने (कॅमेरा संगणकाला जोडणाऱ्या जुन्या केबलने) उतरवा, तासाला सुमारे १३ जीबी लागतात. आपल्याकडचं पाल (टीव्हीच्या जुन्या पद्धतीचं) चित्र ७२० × ५७६, सेकंदाला ५० फील्ड (एकाआड एक ओळींची अर्धी चित्रं), आणि डीव्हीत खालचं फील्ड आधी. संपादनात ही ऑर्डर उलटी लागली तर हालचाल मागेपुढे थरथरते. २५ फ्रेमवर आणलंत तर व्हिडिओची ती सळसळ मरते. फील्ड वेगळी करून ५० फ्रेमवर न्या.

फोनवर शटर १/५० किंवा १/१०० ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची, ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. १/६० वर भिंतीवर पट्टे सरकतात.

नाइटशॉटचा (हँडीकॅमच्या अंधारात बघायच्या सोयीचा) उजेड दोन-तीन मीटरपलीकडे पोचत नाही. सीसीटीव्हीचा ८५० नॅनोमीटरचा आयआर (अवरक्त) दिवा भिंतीवर मारून परतवा. कपडे आधी तपासा: डोळ्यांना काळं दिसणारं काही सिंथेटिक कापड आयआरमध्ये पांढरट दिसतं. भूत म्हणून निवडलेली काळी साडी ऐन वेळी घात करेल.

ओसरी_२४ :
मोजणीची कल्पना घेतो. आवाज आणि वाडा, दोन्हींची काळजी वाटते.

कडीपाट :
हँडीकॅमचा माइक शांततेत स्वतःच गेन (आवाज पकडायची तीव्रता) वाढवतो, खरखर चढते, आणि किंकाळी आली की सगळं दाबतो. तो चढ-उतार ठेवा, अस्सलपणा त्यात आहे. संवादांसाठी खिशात वेगळा रेकॉर्डर ठेवून खालून थोडा मिसळा. ४० हर्ट्झची घुमघुम फोनच्या स्पीकरवर ऐकूच येत नाही. बहुतेक लोक फोनवरच बघणार, तेव्हा तिच्यात १५० ते ३०० हर्ट्झचा थर घाला.

वाड्याचं आधी बघा. महापालिकेने धोकादायक ठरवून नोटीस दिलेली असेल तर तिथे शूट नकोच. नसली तरी माडीवर तिघांपेक्षा जास्त जण नकोत, आणि सगळे एकाच तुळईवर तर नकोतच. जुन्या वायरिंगवर हॅलोजन लावू नका, एलईडी बॅटरीवर चालवा. कडीपाटाखाली उघडी पणती किंवा मेणबत्ती नको.

जुन्या भागांशी जोड हवी असेल तर तुमच्या दुसऱ्या भागातला जिन्याचा शॉट पुन्हा काढा, पण जिन्याच्या खालून. वर कॅमेरा लावून झोपलेला मुलगा तोच. मोजणीवाला खालून वर बघतो, आणि त्याच्या मोजायच्या टेपचं दुसरं टोक कुणीतरी धरलेलं आहे.