सोसायटी ग्रुप : सायकलवाल्यांच्या कपड्यांचे ५४ हजार

गोखले काकू (ए-२०३): सर्वांना नमस्कार. नोटीस बोर्डावरचं कोटेशन वाचलं. १८ जणांचे सायकलचे कपडे, ५४,००० रुपये, त्यातले निम्मे सोसायटीने द्यायचे. ज्येष्ठांच्या तपासणी शिबिराला १२,००० मागितले तेव्हा याच ग्रुपवर "यंदा तरतूद नाही" असं उत्तर आलं होतं. आता तरतूद कुठून आली?

मंदार (सी-५०१): काकू, गैरसमज नको. २७,००० आम्ही स्वतः भरतोय. पंढरपूरची सायकल वारी आहे, दोनशेहून जास्त किलोमीटर, एका दिवसात. सगळे एका रंगात असले की घोळक्यात कोण मागे राहिलं ते लगेच कळतं.

लेले काका (बी-१०४): निम्मे असोत की पाव. खर्च कोणत्या खात्यातून आणि कोणत्या ठरावाने? सिंकिंग फंड मोठ्या दुरुस्तीसाठी असतो, त्याला हात लावता येणार नाही.

जाधव, खजिनदार (ए-४०२): काका, सिंकिंग फंडाचा प्रश्नच नाही. क्रीडा-सांस्कृतिक खात्यात ३१,५०० शिल्लक आहेत. ठराव रविवारच्या सभेत यायचाय. कोटेशन फक्त माहितीसाठी लावलं होतं.

पाटील (सी-२०२): सायकलींवर खर्च करण्याआधी सायकली जिन्याखालून हलवा. मीटरच्या खोलीचं दार उघडत नाही. तीनदा सांगून झालं.

गोखले काकू: पाटील, तो विषय वेगळा. मी घरखर्चाचं बोलते आहे. नवराबायकोचा मेडिक्लेमचा हप्ता दर वर्षी चढतोय, औषधं चढतायत, वर मेंटेनन्स. त्यात एका चड्डीला २,०५० रुपये! त्यात असं आहे तरी काय?

मंदार: विचारलंत ते बरं केलंत. ३,००० मध्ये जर्सी ९५० ची आणि पॅडवाली, म्हणजे बसायच्या जागी आतून गादी शिवलेली, शॉर्ट २,०५० ची. पैसे पॅडचे आहेत. दहा-बारा तास सीटवर बसायचं तर साध्या ट्रॅक पँटची मधली शिवण मांडीच्या आतल्या बाजूला घासत राहते. सुती कापड घाम धरून ठेवतं, ओली कातडी लवकर सोलते. पॅडवाल्या शॉर्टच्या आत अंतर्वस्त्र घालायचं नसतं. घातलं की शिवणी परत मध्ये येतात आणि दिलेले पैसे वाया.

निखिल (डी-३०३): वारीला पायी जाणाऱ्यांना कुठे पॅड लागतो 😄

डॉ. शिर्के (बी-५०३): निखिल, चालताना भार तळपायावर येतो, सायकलवर बसण्याच्या दोन हाडांवर. त्या जागी दाब, घर्षण आणि ओल एकत्र आली की केसांच्या मुळाशी पुळ्या येतात, मग गळू. राइड संपली की शॉर्ट ताबडतोब उतरवायची. ओल्या शॉर्टमध्ये चहा-मिसळ करत तासभर बसणं हेच मुख्य कारण. धुवा, कोरडं करा, दोन दिवस सायकल बंद. पुळी फोडू नका. मेडिकलमधून स्टिरॉइड मिसळलेली खाजेची ट्यूब आणून लावू नका. त्याने आग तेवढी थांबते, पण बुरशी असेल तर ती पसरते आणि बरी व्हायला महिने लागतात. लाली पसरत असेल, ताप असेल किंवा मधुमेह असेल तर त्याच दिवशी दाखवा.

लेले काका: उपयुक्त माहिती, डॉक्टर. परत टाकतो: कोणत्या खात्यातून आणि कोणत्या ठरावाने?

जाधव, खजिनदार: वर लिहिलंय, काका.

मेघा (डी-४०१): मंदारदादा, कोटेशनमध्ये १८ शॉर्ट एकाच पॅटर्नच्या दिसतायत. आपल्यात सहा बायका आहेत. बायकांचा पॅड मागे रुंद आणि पुढे आखूड असतो. पुरुषांचा घातला तर भार नको तिथे येतो. हे मागच्याही वेळी सांगितलं होतं.

मंदार: शिवणारा म्हणतो, युनिसेक्स चालतो.

मेघा: त्याला विकायचंय, त्याला चालेलच. बसणार आम्ही. शिवाय शॉर्ट एकदा घातली की परत घेत नाहीत आणि हा तर आधी घालूनही बघू देत नाही. दुकानात घेताना तीन गोष्टी बघायच्या. पॅड दोन बोटांत दाबा, बोटं एकमेकांना लागली तर तो तासाभरातच दबून जातो. जाडी बघून फसू नका, मऊ जाड स्पंज सगळ्यात आधी चपटा होतो. दाबल्यावर घट्ट लागणारा पातळ पॅड बरा. दुसरं, कापड ताणून उजेडासमोर धरा, आत्ताच आरपार दिसत असेल तर चार महिन्यांत मागून बघवणार नाही. तिसरं, पॅडची कड मांडीच्या घडीत येता कामा नये. दुकानात उभं राहून बघू नका, सायकलवर असतो तसं वाकून बघा. खांद्याच्या पट्ट्यांची शॉर्ट उभं राहिल्यावर ओढल्यासारखी वाटते, वाकलं की नीट बसते.

गोखले काकू: मेघा, म्हणजे एकगठ्ठा ऑर्डर द्यायचंच चुकीचं आहे ना?

मेघा: शॉर्टची, हो. जर्सी एकत्र छापा.

पाटील: मीटरच्या खोलीचं कोण बघणार?

सोनवणे काका (ए-१०१): खजिनदारसाहेब, बिलाचं एक सांगतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून कपड्यांवर नगाला २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के जीएसटी आहे, त्यावर १८. कोटेशनवाल्याने "किट ३,०००" असा एकच नग लिहून १८ टक्के लावलाय, म्हणजे ९,७२० रुपये कर. जर्सी आणि शॉर्ट वेगळे नग आहेत, वेगळे लिहिले तर २,७००. फरक ७,०२० रुपयांचा. ५४,००० मध्ये हा कर धरलेलाच नाही, तो वरून लागणार, हेही बघा.

जाधव, खजिनदार: 🙏 बरं झालं सांगितलंत. वेगळं कोटेशन मागवतो.

गोखले काकू: सायकलवाल्यांसाठी कर शोधून काढला, छान. म्हाताऱ्यांच्या हप्त्याचंही कोणीतरी सांगा.

सोनवणे काका: वहिनी, तेही त्याच तारखेला झालं. वैयक्तिक आणि कुटुंबाच्या आरोग्य पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला. नोकरीतल्या ग्रुप पॉलिसीला तो लागू नाही. नूतनीकरणाची पावती काढा, कराची ओळ राहिली असेल तर कंपनीला लेखी विचारा. आणि पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा आहे का ते आजच वाचा. ५ लाखांच्या पॉलिसीत १ टक्का, म्हणजे दिवसाला ५,००० असेल आणि तुम्ही ८,००० ची खोली घेतली, तर नुसते वरचे ३,००० कापत नाहीत. सर्जन, भूल, ऑपरेशन थिएटर यांच्या बिलालाही ५,००० भागिले ८,००० चं प्रमाण लावतात. १,६०,००० चे १,००,००० हातात. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्यांना हे प्रमाण लावता येत नाही. लावलं असेल तर भांडा.

गोखले काकू: हे एजंटने कधी सांगितलं नाही.

सोनवणे काका: सांगत नाहीत. ५ लाखांच्या वर कव्हर हवं तर मूळ पॉलिसी वाढवण्याआधी सुपर टॉप-अपचा, म्हणजे ठरलेल्या मर्यादेच्या वरचा खर्च देणाऱ्या जोड-पॉलिसीचा, दर विचारा. "सुपर" शब्द बघून घ्या. साधा टॉप-अप प्रत्येक दाव्याला वेगळी मर्यादा लावतो. वर्षात एकदा ४ लाख आणि एकदा ३ लाख खर्च झाला तर ५ लाखांच्या मर्यादेचा साधा टॉप-अप काहीच देणार नाही, कारण एकही बिल ५ च्या वर गेलं नाही. सुपर टॉप-अप बेरीज ७ धरतो आणि २ लाख देतो.

निखिल: सायकलवरून पडलो तर मेडिक्लेम देतो का? नवीन पॉलिसीला ३० दिवस थांबावं लागतं म्हणे.

सोनवणे काका: अपघाताला ते ३० दिवस नाहीत, पहिल्या दिवसापासून चालतो. पण साधारण २४ तास भरती लागते. तळहात सोलला, टाके पडले, एक्स-रे काढून प्लास्टर केलं आणि घरी आलात, तर बहुतेक पॉलिसींत तो खर्च खिशातून.

डॉ. शिर्के: आणि रोजचं पडणं असंच असतं. पडताना माणूस हात पुढे टाकतो, तळवा रस्त्यावर घासतो, खडी आत रुतते. पूर्ण तळव्याला चामडं असलेले हातमोजे चारशे-पाचशेत येतात. जर्सीच्या आधी ते घ्या. हेल्मेट त्याच्याही आधी. आत ईएन १०७८ या युरोपीय सुरक्षा मानकाचा शिक्का बघा. भुवईच्या वर दोनच बोटं जागा, कानाखाली पट्ट्यांचा व्ही, हनुवटीखाली एक बोट जाईल इतकंच सैल. एकदा आपटलेलं हेल्मेट बाहेरून धड दिसलं तरी आतला थर्माकोल दबलेला असतो. ते बाद. दुसऱ्याला देऊ नका.

लेले काका: परत टाकतो: कोणत्या खात्यातून...

जाधव, खजिनदार: काका, क्रीडा-सांस्कृतिक. ठराव रविवारी. चौथ्यांदा सांगतोय.

लेले काका: तिसऱ्यांदा. मला मोजता येतं.

देशमुख काकी (सी-४०३): आता विषय निघालाच आहे तर बोलते. गच्चीवरच्या दोऱ्यांवर त्या काळ्या चड्ड्या दोन-दोन दिवस असतात. पापड घालायला जागा मिळत नाही.

मंदार: काकी, सॉरी. सगळ्यांना सांगतो.

मेघा: काकी बरोबर बोलतायत, कपड्यासाठीसुद्धा ते चुकीचंच आहे. शॉर्टचं ताणलं जाणारं कापड, लायक्रा, उन्हात कडक होते, सहा महिन्यांत कमरेला सैल पडते. उलटी करून गार पाण्यात, पातळ डिटर्जंटने धुवायची. कम्फर्ट वगैरे घालू नका, तो थर पॅडमध्ये बसतो आणि पॅड घाम ओढायचा बंद होतो. ड्रायर नाही, इस्त्री नाही, पिळायची नाही. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि घरातच पंख्याखाली पॅडची बाजू वर करून वाळवा. मशीनमध्ये टाकलीत तर हातमोज्यांचं वेल्क्रो बंद करून वेगळ्या जाळीच्या पिशवीत, नाहीतर त्याने लायक्राचे धागे उपसतात. एवढं पाळलं तर दोन शॉर्ट आलटूनपालटून दोन-तीन वर्षं जातात. एकच रोज धुऊन घातली तर वर्षसुद्धा नाही.

गोखले काकू: ज्याला दोन हजार परवडत नाहीत त्याने काय करायचं? वॉचमनचा मुलगाही येणार आहे ना?

मेघा: पॅडवाली आतली चड्डी वेगळी मिळते, जवळपास निम्म्या किमतीत. वरून कुठलीही ट्रॅक पँट, उजव्या पायाला चेनपाशी पट्टी बांधायची. लाज वाटणाऱ्यांनाही ती बरी. आणि पॅडच्या आधी सीट नीट करा, फुकट आहे. पेडल सगळ्यात खाली नेऊन टाच ठेवा, गुडघा सरळ व्हायला हवा. सीट उंच असली की कंबर डावी-उजवी हलते आणि तिथेच सोलतं. सीटचं नाक वर उचललेलं असलं की पुढचा भाग बधिर होतो, ते कितीही महाग शॉर्टने जात नाही. ५ किंवा ६ नंबरची ॲलन की लागते, माझ्याकडे आहे.

गोखले काकू: मंदार, मग सोसायटीचे पैसे ज्यात जीव वाचेल त्यात घाला. अंगावरच्या रंगीत कपड्याचे ज्याने त्याने.

मंदार: काकू, १८ जण एका रंगात दिसले तर सोसायटीचंही नाव...

गोखले काकू: नाव शिबिरानेही झालं असतं.

जाधव, खजिनदार: जरा थांबा सगळे. हिशोब मांडतो. १८ परावर्तक जॅकेट २५० ने ४,५००. पायाला बांधायच्या परावर्तक पट्ट्या १८ जोड्या १०० ने १,८००. प्रथमोपचार पेट्या दोन, १,६००. एकूण ७,९००. जॅकेट-पट्ट्या सोसायटीच्या मालकीच्या, वारीनंतर ऑफिसच्या कपाटात परत. शिबिराला १२,०००. दोन्ही मिळून १९,९००, खात्यात ११,६०० उरतात. जर्सी-शॉर्ट ज्याचे त्याने.

मेघा: पायाच्या पट्ट्या नक्की घ्या. पहाटे चारला निघणार, तेव्हा अंधार असतो. पाय वर-खाली होतो तशी पट्टी चमकते, मागच्या ट्रकवाल्याला माणूस आहे हे लांबून कळतं. पाठीवरची पट्टी बॅगेखाली झाकली जाते.

मंदार: चालेल. जर्सी फक्त हव्या त्यांनी, मी यादी करतो. छातीचं माप सेंटीमीटरमध्ये पाठवा, एस-एम-एल लिहू नका. प्रत्येकाचा एम वेगळा असतो.

लेले काका: ठरावात "सोसायटीच्या मालकीच्या" हे शब्द घाला आणि कपाटाच्या नोंदवहीत नग लिहा. माझी हरकत नाही.

पाटील: आणि मीटरची खोली?

मंदार: आज रात्री नऊला खाली येतो पाटीलकाका, सहा सायकली आहेत, गेटजवळच्या रिकाम्या जागेत लावतो. चावी तुमच्याकडेच आहे ना?

पाटील: आहे. नऊ म्हणजे नऊ.