सिल्व्हर वॅगन-आरचं दार आणि फेंडर घरीच मारायचंय, सोलापूरच्या उन्हात पीयू रंग कसा बसेल?

जुळे_सोलापूरकर
गाडी वॅगन-आर, रंग सिल्की सिल्व्हर. डाव्या पुढच्या दाराला खालच्या कडेला वीतभर गंज आहे. त्याच बाजूच्या फेंडरला (पुढच्या चाकावरच्या पत्र्याला) खरचटलंय आणि एक उथळ पोचा आहे. घराशेजारी तीन बाजूंनी बंद असलेलं पत्र्याचं शेड आहे. कॉम्प्रेसर २ एचपी, टाकी ५० लिटर. गन अजून घ्यायची आहे. एनसी (नायट्रोसेल्युलोज रंग) मारू की पीयू (हार्डनर मिसळून मारायचा पॉलियुरेथेन)? हा कॉम्प्रेसर पुरेल का? एप्रिल-मेमध्ये मारलं तर चालेल का, की थांबू? माल किती आणू?

पत्रा_पुट्टी
मालक, रंगाचं नंतर बघू, आधी गंजाकडे बघा. दाराच्या खालच्या कडेचा गंज बहुतेक वेळा आतून येतो. दाराच्या तळाला पाणी निघायची भोकं असतात, आपल्याकडच्या धुळीनं ती बुजतात आणि पावसाचं पाणी आतच साचतं. बारीक स्क्रू-ड्रायव्हरनं गंजाच्या जागी टोचून बघा. टोक आत गेलं तर पुट्टीनं भागणार नाही, तेवढा पत्रा कापून तुकडा वेल्ड करून घ्यावा लागेल. टोक गेलं नाही तर ८० नंबरच्या सँडपेपरनं चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासा. काळे ठिपके राहिले तर गंज तिथूनच पुन्हा फुगतो. त्यावर इपॉक्सी प्रायमर, मग पुट्टी. पुट्टी ८० नं आकारात आणा, १८० नं साफ करा, ३२० नं संपवा.

पुट्टी पाणी लावून घासू नका. ती पाणी पिते आणि दोन-तीन महिन्यांनी क्लिअरखाली (रंगावरच्या पारदर्शक थराखाली) फोड येतात. बोअरचं पाणी तर जास्तच नडतं. थेंब वाळला की पांढरा क्षार मागे राहतो, तो रंगाखाली गेला की ओल ओढून घेतो. पुट्टीवर मारलेल्या सर्फेसरवर (रंगाआधीच्या प्रायमरवर) ८०० चा पाणी-पेपर चालवाल तेव्हा आरओचं पाणी घ्या, लगेच पुसा आणि कडांमधलं पाणी हवेनं उडवा.

पुसायला टॉवेलचे तुकडे वापरू नका. सोलापुरात ते स्वस्त मिळतात, पण तूस सोडतात आणि ओल्या क्लिअरवर एकेक तंतू उभा दिसतो. शेवटचा हात चिकट टॅक-क्लॉथचाच. आसपास यंत्रमाग चालू असतील तर तूस हवेतही असते. आदल्या रात्री शेडच्या पत्र्याची आतली बाजू धुवून काढा, मारायच्या आधी जमीन ओली करा.

काम झाल्यावर तळाची भोकं उघडी आहेत ना ते बघा आणि दाराच्या आत कॅव्हिटी वॅक्स (पोकळीत मारायचं गंजरोधक मेण) मारा.

गन_१३
एनसी नको. तो लवकर सुकतो, पण उन्हात फिका पडतो. शिवाय गाडीचा मूळ रंग बेस आणि क्लिअर असा आहे, त्यामुळे तोच घ्या: बेसकोटवर (खालच्या रंगाच्या थरावर) दोन-घटकी पीयू क्लिअर. सिल्की सिल्व्हरचा कोड झेड२एस. दुकानात कोड सांगितला तरी गाडीचा जुना रंग उडालेला असतो, म्हणून आधी पत्र्याच्या तुकड्यावर मारून, क्लिअर चढवून, सावलीत दारापाशी धरून बघा.

सिल्व्हर पॅनेलच्या कडेपर्यंतच मारला तर फरक लांबूनही कळतो. पुढच्या दारावर भरगच्च मारा, मागच्या दाराच्या पहिल्या तिसऱ्या भागात हलकेच विरवा आणि क्लिअर मात्र मागच्या अख्ख्या दारावर चढवा. त्यासाठी मागचं दार आधी १००० च्या पेपरनं निस्तेज करून घ्यायचं. बेस साधारण अर्धा लिटर, क्लिअर अर्धा लिटर, हार्डनर पाव लिटर. क्लिअर २:१, वर ५ ते १० टक्के थिनर. बेसमध्ये थिनर किती ते डब्यावरच बघा, कंपनीगणिक बदलतं.

गन १.३ किंवा १.४ नोझलची, कमी हवेवर चालणारी एलव्हीएलपी घ्या. साध्या एचव्हीएलपीला १० ते १२ सीएफएम (मिनिटाला घनफूट) हवा लागते, २ एचपी तेवढी देत नाही. दाब मध्येच पडला की रंग थुंकल्यासारखा येतो. एक पॅनेल मारा, टाकी भरू द्या, मग पुढचं. गनपाशी सुमारे २ बार, अंतर १५ ते २० सेंमी, आधीच्या पट्ट्यावर निम्मा पट्टा चढवत चला. बेस दोन-तीन पातळ हातांत, मध्ये १० मिनिटं. शेवटचा हात २५ सेंमीवरून, दाब कमी करून धुक्यासारखा मारा, नाहीतर चमक एकसारखी न बसता ढग दिसतात.

मेमध्ये मारलं तर चालतं, पण सकाळी सहा ते नऊच. पत्रा हाताला कोमट लागला की थांबा. दुपारी थिनर हवेतच उडून जातं, रंग पत्र्यावर कोरडा पडतो आणि खरखरीत होतो. क्लिअर वरून लवकर बंद झालं तर आतली वाफ सुया टोचल्यासारखी फुटून बाहेर येते. म्हणून स्लो थिनर आणि स्लो हार्डनर मागा. मिसळलेलं क्लिअर उन्हाळ्यात लवकर घट्ट होतं, एका पॅनेलपुरतंच मिसळा. संध्याकाळ नको, वळवाचं वारं सुटलं की सगळी धूळ रंगावर.

आधी_मास्क
क्लिअरच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचं घातक रसायन असतं, हे वर कुणीच लिहिलं नाही. त्यानं एकदा छाती बिघडली की पुढे थोड्याशा वासानंही दम्याचा झटका येऊ शकतो. आणि वासावरून ते किती आहे ते कळत नाही, म्हणून मास्कची काडतुसं (वाफ गाळणारे डबे) संपलेलीही लक्षात येत नाहीत. रुमाल किंवा कापडी मास्क काहीच अडवत नाही. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क असेल तरच क्लिअर घरी मारा. नसेल तर बेसपर्यंतचं काम घरी करा आणि क्लिअर बूथ (रंगकामाची बंद खोली) असलेल्या गॅरेजात त्याच दिवशी मारून घ्या. बेसलाही वाफ आणि कण दोन्ही अडवणारा दोन काडतुसांचा मास्क, हातमोजे आणि गॉगल लागतातच.

कॉम्प्रेसर शेडबाहेर ठेवा, होज १० मीटरचा घ्या. त्याच्या स्विचची ठिणगी थिनरच्या वाफेला पुरते. साधा टेबलफॅन आत लावू नका. शेजारच्यांना आधी सांगा, गच्चीवरचे कपडे आणि उभ्या गाड्या हलवायला लागतील.

जुळे_सोलापूरकर
क्लिअर बूथमध्येच मारून घेतो. जुन्या पत्र्यावर बेसची चाचणी केली, तर माशाच्या डोळ्यांसारखे बारीक गोल खड्डे पडले. घासून, थिनरनं पुसून मारलं होतं.

गन_१३
सिलिकॉन किंवा तेल. खड्डे एकाच पट्ट्यात असतील तर ते पत्र्यावरून आलंय, डॅशबोर्ड पॉलिश किंवा टायर-शाइन कुठेही उडालेलं असतं. सगळीकडे विखुरलेले असतील तर हवेतून. स्वच्छ आरशावर एक मिनिट हवा सोडा, तेलाचे किंवा पाण्याचे ठिपके दिसतात. टाकीखालचा कॉक उघडून पाणी काढा आणि गनच्या आधी वॉटर-सेपरेटर लावा.

थिनरनं पुसलं की सिलिकॉन निघत नाही, पसरतं. वॅक्स-ग्रीस रिमूव्हर घ्या. एका कापडानं ओलं लावायचं आणि वाळायच्या आत दुसऱ्या कोरड्या कापडानं उचलायचं. हे घासायच्या आधी करा आणि नंतरही, कारण पेपर तेच तेल ओरखड्यांत दाबून बसवतो. खड्डे पडलेला बेस पूर्ण वाळू द्या, ८०० नं सपाट करा आणि तोच तुकडा पुन्हा मारून बघा. तो साफ आला की मगच दाराला हात लावा.