मदत हवी आहे: सुई बदलून देण्याच्या कामात पोलिसांशी कायमचं कसं जमवायचं?

नमस्कार मंडळी. मी धुळे-चाळीसगाव पट्ट्यात इंजेक्शनने नशा करणाऱ्या पोरांसाठीच्या प्रकल्पात आउटरीच वर्कर आहे, गावाचं नाव मुद्दाम देत नाही. काम साधं आहे, वापरलेली सुई आणा, नवी घेऊन जा. एकाची सुई दुसऱ्याने टोचली की एचआयव्ही, हिपॅटायटिस सी पसरतो, तो थांबवायचा आणि ओळख झाली की टेस्टिंगला, पुढे ओएसटीच्या (टोचून घ्यायच्या नशेऐवजी डॉक्टरांच्या देखरेखीखाली देतात ती) गोळीवर आणायचं.

मागच्या महिन्यात आमच्या पिअरला (पोरांमधलाच, आमच्यासोबत काम करणारा साथी; तोही आधी यातलाच, आता सावरलाय) रात्री रेल्वेच्या भिंतीजवळ पोलिसांनी उचललं. झोळीत वापरलेल्या सुयांचा डबा सापडला, मग काय, "माल कुठंय" म्हणून चार तास बसवून ठेवलं, ओळखपत्र बघितलंसुद्धा नाही. दुसऱ्या दिवसापासून पोरं गायब. एकाला फोन लावला तर म्हणे, "ताई, आते मी तठे येवाव नही, पोलीस धरी लई जातस." आठ दिवसांनी गेले तर निंबाखाली रक्त वाळलेल्या 23 सुया उघड्यावर पडलेल्या, आणि तिथून दहा पावलांवर लहान पोरं क्रिकेट खेळत होती. चिमट्याने एकेक उचलून डब्यात टाकली.

कायदा आपल्या बाजूने आहे हो. 2017 चा एचआयव्ही-एड्स कायदा, कलम 22, सरकारी मार्गदर्शक सूचनांप्रमाणे चाललेलं हे काम गुन्हा ठरत नाही, सुई बदलून देण्याचं उदाहरणच त्यात आहे. पण रात्री अकराला गस्तीवरच्या शिपायाला ते कोण वाचून दाखवणार, त्याला एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा कायदा, तेवढा माहीत.

असंही नाही की पोलिसांशी जमतच नाही. गेल्या वर्षी झडती घेताना एका हवालदारदादांना सुई टोचली, बिचारे पांढरेफटक पडले. मी त्यांना लगेच सरकारी दवाखान्यात नेलं, पीईपी (एचआयव्हीची लागण होऊ नये म्हणून द्यायची औषधं) 72 तासांच्या आत सुरू व्हावी लागते, पहिल्या दोन तासांत झाली तर उत्तम. 28 दिवस गोळ्या घेतल्या, रिपोर्ट चांगला आला. तेव्हापासून ते झडतीआधी विचारायचे, "खिशात सुई असेल तर आधी सांग, ओरडणार नाही," आणि पोरंही खरं सांगायची. मग त्यांची बदली झाली आणि सगळं परत पहिल्यापासून.

तर विचारायचं हे की माणूस बदलला तरी टिकेल अशी व्यवस्था कुणी बसवलीय का? पत्र डापकूकडून (जिल्ह्याच्या एड्स नियंत्रण कार्यालयाकडून) जावं की थेट एसपी ऑफिसला? नवीन भरतीच्या पोलिसांना सुई टोचण्याबद्दल अर्धा तास बोलायला दिलं तर तिथून सुरुवात करावी का, मला तरी तेच पटतंय कारण त्यात त्यांचाही जीव आहे. मुंबईत किंवा मणिपूरकडे काम केलेलं कुणी असेल तर प्लीज सविस्तर लिहा. एकच, पोरांच्या नावांची यादी मागितली तर ती मी देणार नाही, त्यामुळे तो सल्ला नको.

गुरुवारी नवीन साहेबांनी भेटायला वेळ दिलाय, त्याआधी उत्तर मिळालं तर फार बरं होईल.